तिसरा हिसका

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं म्हणावं. मी वाद घालायला आलेले नाही.

पण हे कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या संध्याकाळी दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं.

पावसाळा संपला होता आणि थंडी पडायची होती. गुरुवार होता. जंगलाच्या वरच्या अंगाला, ओढा ओलांडला की एक जुनं, अवाढव्य झाड आहे. त्या झाडाखाली मी उभी होते आणि वर माझा भाऊ होता.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

जंगलात प्राण्यांचे फोटो काढायला कॅमेरे लावतात, हे तुम्हाला माहीत असेल. समोरून काही गरम अंगाचं हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. हरणं, रानडुकरं यांच्यासाठी तो कमरेएवढ्या उंचीवर खोडाला बांधला की झालं. पण काही जनावरं जन्मभर झाडावरच राहतात. त्यांच्यासाठी कॅमेरा पार शेंड्याजवळ लावावा लागतो. आणि तो लावायला कुणाला तरी वर जावं लागतं.

वर जायचा माझा धाकटा भाऊ, छोट्या. तिशी उलटली तरी घरात तो छोट्याच. खाली दोर सांभाळायची मी. मला स्टुलावर उभं राहून पंखा पुसतानासुद्धा गरगरतं, त्यामुळे माझी नेमणूक जमिनीवर.

आईला हे काम अजिबात पसंत नव्हतं. "चांगली शिकलीसवरलेली पोरं माझी, आणि झाडावर काय लटकता!" हे रोजचं. आम्ही निघालो की ती दारापर्यंत यायची आणि त्याला काहीच बोलायची नाही. मलाच बजावायची.

"जसा नेतेयस तसा परत आण त्याला."

"आणते गं बाई. घासूनपुसून आणते," मी म्हणायचे.

मी थट्टेवारी न्यायचे, पण शब्द दिलेला असायचा. वरून काटकी पडली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं.

आता खुणेच्या दोरीबद्दल सांगते. सगळं तिच्यावरच आहे.

या कामात ओरडायची बंदी असते. माणसाचा आवाज झाला की जनावरं कितीतरी दिवस त्या झाडाकडे फिरकत नाहीत आणि कॅमेऱ्यात नुसती पानं येतात. म्हणून चढायच्या जाड दोराबरोबर एक बारीक दोरी वर जाते. वरच्याने तिला एक हिसका दिला तर 'मी ठीक आहे'. दोन दिले तर 'सामानाची पिशवी पाठव'. तीन दिले तर 'मी खाली येतोय'.

खालच्याने तितकेच हिसके उलट द्यायचे.

द्यायचेच. उत्तर मिळाल्याशिवाय वरचा माणूस जागचा हलत नाही. ही सवय इतकी अंगात मुरते की घरी कुणी माझी बाही ओढली तरी माझा हात आपसूक उलटा ओढायला जातो.

छोट्याच्या हिसक्यांची एक खोड होती. पहिले दोन आखूड आणि तिसरा लांब... रेंगाळणारा. लहानपणी माझी वेणी ओढून पळायचा ना, अगदी तस्सा. डोळे मिटूनही ओळखला असता मी.

तर, त्या दिवशी.

छोट्या दुपारीच वर गेला. फांद्या दाट होत्या, त्यामुळे थोड्याच वेळात तो दिसेनासा झाला. दोन हिसके आले. दुसरा लांबलेला, कारण शेवटचा हिसका लांबवल्याशिवाय साहेबांना चैन पडायची नाही. मी उत्तर दिलं आणि पिशवी पाठवली. वरून कॅमेऱ्याचा पट्टा आवळल्याचा करकर आवाज आला. त्याचं गुणगुणणंही ऐकू आलं. ओरडायचं नाही हा नियम तो पाळायचा, पण गुणगुणण्याला बंदी कुठे आहे, असं त्याचं म्हणणं.

मग धुकं आलं.

ओढ्याकडून आलं आणि बघता बघता समोरचं खोडसुद्धा पुसट झालं. अशा धुक्याची सवय असते आम्हाला. मी जाकिटाची चेन वर ओढली आणि दोर घट्ट धरला.

गुणगुणणं थांबलं.

मी वाट पाहिली. म्हटलं, स्क्रू तोंडात धरला असेल.

मग लक्षात आलं, की दुसरेही आवाज थांबलेत. रातकिडे सुरू व्हायची वेळ होती, पण एकही नाही. पाखरं घरट्यात परतायची वेळ होती, पण पंखांची फडफड नाही. ओढा हाकेच्या अंतरावर होता... आणि त्याचंही पाणी ऐकू येईना.

तेवढ्यात दोरी हलली.

एक. दोन. तीन.

मी उत्तर दिलं. एक, दोन, तीन. ये खाली.

उत्तर देऊन झाल्यावर मला काहीतरी खटकलं. काय ते पटकन कळलं नाही. मग कळलं. तिन्ही हिसके सारखेच होते. मोजूनमापून दिल्यासारखे.

थकला असेल, असं मी स्वतःलाच सांगितलं.

जाड दोराला वजन आलं. दोर सरसरू लागला आणि धुक्यातून आधी बूट दिसले, मग कमरेचा पट्टा, मग ते नारिंगी हेल्मेट. छोट्या खाली आला. माझा जीव भांड्यात पडला.

"काय रे, आज गाणं आटलं वाटतं?" मी हळूच विचारलं.

तो नुसता हसला. पट्ट्याच्या कड्या सोडल्या आणि माझ्या बाजूच्या मुळावर येऊन बसला. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्या झाडाची साल म्हणजे भुसा. चढून आला की त्याचे हात कोपरापर्यंत तपकिरी व्हायचे आणि तो मुद्दाम माझ्या जाकिटाला पुसायचा.

आज हात स्वच्छ होते.

तो पाणी पीत होता. घोट गळ्याखाली उतरताना होणारा आवाज मला ऐकू येत होता, कारण दुसरा आवाजच नव्हता कुठे. खुणेची दोरी अजून माझ्या मुठीत होती. सवयीने.

आणि ती हलली.

एक...

दोन...

आणि तिसरा. लांब. रेंगाळणारा.

माझ्या वेणीला कुणीतरी हात घातल्यासारखा शहारा डोक्यापर्यंत गेला. मान वळवून बघायचं धाडस होईना. कारण छोट्या तर माझ्या शेजारी होता. बाटलीचं झाकण लावत होता.

आणि माझ्या हाताने उत्तर दिलं.

विचार करायला वेळच मिळाला नाही हो. हात आपसूक खाली गेला. एक, दोन, तीन. ये खाली, मी आहे.

"कुणाला उत्तर दिलंस?" शेजारून आवाज आला.

"दोरी... दोरी हलली."

"माकडं असतील, ताई. चल, अंधार पडेल."

तो उठला. माझ्या हातातून खुणेची दोरी घेतली आणि खोडाला बांधून टाकली. ती आम्ही तशीच ठेवतो. पुढच्या वेळी जाड दोर वर चढवायला ती लागते. मग त्याने जाड दोराची गाठ सोडली आणि दोर भराभर ओढून घ्यायला लागला. हे सगळं रोजचंच. काम संपलं की दोर उतरवायचा असतो.

पण वर कुणी असलं तर त्याला खाली यायची तेवढी एकच वाट असते.

दोराचं टोक फांदीवरून सुटलं आणि धप्पकन पानांत पडलं. त्याच क्षणी खोडाला बांधलेली बारीक दोरी ताठ झाली. वरून कुणीतरी ओढत होतं. आता मोजून नाही. कसंही. घाईघाईने.

"माकडं," तो म्हणाला, आणि त्याने माझा दंड धरला.

मी त्याच्याबरोबर निघाले. भीती वाटत होती, आणि तो माझा भाऊ होता. त्याचा चेहरा, त्याचं चालणं, 'ताई' म्हणण्याची त्याची पद्धत. आईला मी ज्याला परत आणायचा शब्द दिला होता तो माझा दंड धरून चालला होता. मग मागे वळून मी कुणासाठी बघायचं?

ओढा ओलांडल्यावर रातकिडे एकदम सुरू झाले. गाडीत बसल्यावर मी रडले. तो खिडकीबाहेर बघत होता.

घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं, "आता मी झाडावर चढणार नाही."

आईचा विश्वासच बसेना. मग तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तिला आकाश ठेंगणं झालं होतं. मीच म्हटलं, चला, बरं झालं. तो हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला. वेळेवर जातो, वेळेवर येतो. स्वतःचं ताट स्वतः धुतो. हे वाचून माझ्या ओळखीचे लोक हसतील, कारण छोट्याने आयुष्यात कधी चमचा विसळला नव्हता.

एकदा मी थट्टेत म्हटलंही, "झाडावरून डोक्यावर पडलास की काय?"

तो हसला. आधीचा छोट्या उलट चार शब्द सुनावल्याशिवाय राहिला नसता.

गुणगुणणं मात्र मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलेलं नाही.

तो कॅमेरा वरच राहिला होता. आम्हाला काम देणाऱ्या संशोधक मॅडमनी तो उतरवायला दुसऱ्या तुकडीतल्या माणसाला पाठवलं. भरघोस दाढी आहे, म्हणून त्याला सगळे दाढीच म्हणतात. दाढी कॅमेरा घेऊन आला तेव्हा मी मॅडमच्या खोलीतच होते. पत्र्याचं छप्पर, लांब टेबल, चार्जरच्या वायरींचा गुंता. भर दुपार होती.

"तुमचं काम नीटनेटकं असतं हां," दाढी मला म्हणाला. "खुणेच्या दोरीची काय सुंदर गुंडाळी करून ठेवलीय वर! फक्त जरा खाली सोडून ठेवली असतीत तर माझा त्रास वाचला असता."

"वर?" मी म्हटलं. "दोरी तर आम्ही खाली खोडाला बांधली होती."

"खाली काही नव्हतं. सगळी वर होती. फांदीच्या बेचक्यात, आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली."

आठच्या आकड्यासारखी गुंडाळी छोट्या करतो. मी कितीदा शिकायचा प्रयत्न केला, मला जमली नाही.

मॅडमनी कार्ड लॅपटॉपला लावलं.

पहिल्या फोटोत छोट्याचा तळहात होता. कॅमेरा लावला की चाचणीसाठी आम्ही भिंगासमोर हात धरतो. हात कोपरापर्यंत तपकिरी झालेला.

पुढच्या फोटोत तो फांदीवर बसलेला, पाठमोरा. मागे धुकं.

पुढच्यात तो उजवीकडे मान वळवून बघतोय. जाड दोर जिथे फांदीवरून जातो, तिकडे. तिथे फोटोच्या अगदी कडेला काहीतरी नारिंगी दिसतंय. हेल्मेटच्या कडेएवढं.

छोट्याचं नारिंगी हेल्मेट तर छोट्याच्या डोक्यावर होतं...

पुढच्या फोटोत ते नारिंगी नव्हतं. दोर ताणलेला होता. दोरावरून कुणीतरी खाली चाललं होतं, आणि छोट्या वरून वाकून बघत होता.

"पुढे," मी म्हटलं.

पुढच्यात छोट्याच्या हातात खुणेची दोरी. त्यानंतरच्यात तो फांदीवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी ती ओढतोय. जाड दोर नाही. फांदीवर दोर घासल्याची ताजी खूण तेवढी आहे.

मग काळोखातले फोटो. करडे. तो खोडाला स्वतःच्या पट्ट्याने बांधून घेऊन बसलाय. एका फोटोत त्याने तोंडावर हात ठेवलाय. वाटलं, नियम पाळतोय. ओरडायचं नाही.

मग उजाडलेलं. तो थेट भिंगाकडे बघतोय. त्याला माहीत होतं की हे फोटो कधी ना कधी मीच बघणार.

त्याच्या पुढच्या फोटोत फांदी रिकामी. त्यानंतर एक खार. मग नुसती पानं.

मॅडमनी फोटो पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिले. मग म्हणाल्या, "बॅटरी सैल झाली की कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडतं. फोटोंचा क्रमही उलटसुलट होतो. जुन्या कुठल्या तरी मोहिमेतले असतील."

"आम्ही रात्री कधीच चढलेलो नाही, मॅडम."

त्यांनी लॅपटॉप बंद केला.

दाढी इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "पण गरम अंग असल्याशिवाय कॅमेरा फोटो काढत नाही."

मी त्याला घेऊन तडक त्या झाडाकडे गेले. आम्ही बुंध्याभोवतीचं पान न् पान उलटलं. ओढ्यापर्यंत सगळं पालथं घातलं. हेल्मेट नाही, पट्टा नाही, चिंधीसुद्धा नाही. दाढी पुन्हा शेंड्यापर्यंत जाऊन आला. नियम बियम सोडून मी खालून छोट्याला हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. दाढीने मला अडवलं नाही.

घरी आले तर तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता.

"त्या दिवशी झाडावर काय झालं होतं?" मी विचारलं. दारातच उभं राहून.

"काही नाही."

"खरं सांग."

त्याने शर्ट झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही बाजू सारख्या केल्या.

"तू ये म्हणालीस," तो म्हणाला. "मी आलो."

आवाजात राग नव्हता, लबाडी नव्हती. उपकार मानावेत तसा म्हणाला.

आईला मी काही सांगणार नव्हते. एवढ्यात कुठे ती निवांत झोपायला लागली होती. पण तो शेवटचा फोटो, उजेडातला, मी मॅडमकडून मोबाईलवर मागून घेतला होता. तो घेऊन मी किती दिवस एकटी बसणार? एका संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि कुजबुजत सगळं सांगितलं. दोरीपासून गॅलरीपर्यंत.

तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. चष्मा लावला आणि मोबाईल हातात घेतला. दोन बोटांनी चेहरा मोठा केला. भिंगाकडे बघणारे ते डोळे, गालाला लागलेला भुसा, सुकलेले ओठ.

तिचा अंगठा त्या गालावरून फिरला. भुसा पुसावा तसा.

"हा माझा आहे," आई म्हणाली.

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली.

"आई, भूक लागलीय," तिकडून आवाज आला. छोट्याचाच. तंतोतंत.

आईने मोबाईल पालथा ठेवला. उठली. ताट घेतलं, पुसलं आणि वाढायला लागली.

"आई," मी म्हटलं, "मग बाहेर कोण आहे?"

तिने वळून पाहिलं नाही. तिचा वाढणारा हात तेवढा थांबला.

"हळू बोल," ती म्हणाली. "ऐकेल तो."

म्हणजे मी तिला सांगायच्या आधीपासून तिला माहीत होतं. कधीपासून, हे मी विचारलेलं नाही. तोंडावरून हात फिरवला होता तिने, त्याच दिवशी कळलं असेल का? मग इतके दिवस ही बाई त्याला रोज जेवू घालतेय, त्याच्या शेजारच्या खोलीत झोपतेय...

ती ताट घेऊन बाहेर गेली. "पाणी घेतलंस का रे?" असं तिने त्याला विचारलं. आवाज नेहमीचाच होता. तो काहीतरी बोलला आणि आई हसली.

तेव्हापासून आम्ही दोघी घरात हळू बोलतो.

हे सगळं मी इथे लिहिलं, कारण मोठ्याने सांगायची सोय राहिलेली नाही.